कैवारी चित्रं : आंजेलो द फोन्सेका आणि पुण्यातला एक आश्रम

मागच्या ओळीपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

व्याख्यानाचा विषय वाचून सकाळी एकदोघांनी मला विचारलंच. सर, प्रतापगडला किल्ला आहे, पायथ्याशी महादेव आहे, ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा आहे, महाशिवरात्रीला यात्रेला माणसांचा पूर लोटतो. यात ख्रिस्ती चित्रकला कुठून आणली? प्रश्न रास्त आहे. पुण्यात शिवाजीनगरला एक आश्रम आहे. तिथून निघालेली एक वाट गोंडांच्या मुलखापर्यंत पोचते. ती वाट मी तुम्हाला दाखवणार आहे, पण आधी पुण्यात बराच वेळ थांबावं लागेल.

सुरुवात एका शब्दापासून करू. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी एक ग्रीक शब्द येतो, पॅराक्लेटोस. अर्थ असा की मदतीसाठी जवळ बोलावलेला. इंग्रजीत त्याची भाषांतरं वेगवेगळी झाली. कुणी 'सांत्वन करणारा' म्हटलं, कुणी सरळ 'अ‍ॅडव्होकेट' म्हटलं. मराठी बायबलात मात्र शब्द आहे 'कैवारी'. मला हे भाषांतर मुळापेक्षाही आवडतं. वकील बाजू मांडतो, फी घेतो, संध्याकाळी घरी जातो. कैवार घेणाऱ्याला ती सोय नाही. तुम्ही कुणाचा कैवार घेतला की त्याचं भांडण तुमच्या अंगावर येतं.

दुसरा शब्द 'सेवा'. चर्चच्या भाषेत ज्याला मिनिस्ट्री म्हणतात, त्याच्या मुळाशी ग्रीक 'दियाकोनिया' आहे, आणि त्याचा एक जुना साधा अर्थ म्हणजे जेवणाऱ्यांना वाढणं. वाढप्याचं काम! आपल्याकडच्या पंगतीत चांगला वाढपी कोण? जो पानाकडे बघतो, स्वतःच्या हातातल्या भांड्याकडे नाही.

आता प्रश्न असा की चित्र काढणं हे असं वाढप्याचं काम होऊ शकतं का? चित्र कुणाचा कैवार घेऊ शकतं का? आणि घेतलाच, तर ते चित्र राहतं की भिंतीवर चिकटवलेलं पत्रक होतं?

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. फडके आणि खांडेकर, कलेसाठी कला आणि जीवनासाठी कला, यावर आपल्या आधीच्या पिढीने किती शाई खर्च केली! टॉलस्टॉयचं 'कला म्हणजे काय?' साने गुरुजींनी मराठीत आणलं, तेही याच ओढीने. टॉलस्टॉयचं म्हणणं थोडक्यात असं की कलावंताला जे वाटलं त्याची लागण दुसऱ्याला झाली पाहिजे. मला त्यापेक्षा कॉलिंगवूड जास्त उपयोगी वाटतो. हा ऑक्सफर्डचा तत्त्ववेत्ता, त्याचं कलेवरचं पुस्तक १९३८ सालचं. तो म्हणतो की कारागिराला वस्तू करायच्या आधीच ती कशी होणार हे ठाऊक असतं. कलावंताला आपल्याला काय म्हणायचंय हे म्हणून झाल्यावरच कळतं. प्रचाराचं चित्र या अर्थाने कारागिरी आहे. निष्कर्ष आधी, रंग नंतर. एवढी कसोटी हाताशी ठेवा. मी तिच्यावर फार ताण देणार नाही, कारण ती पूर्ण पुरत नाही.

आता माणसाकडे येऊ. आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह या बेटावर, खात्यापित्या कॅथलिक घरात. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईला वैद्यकीय शिक्षणाला गेला, ते सोडलं, जे. जे. स्कूलमध्ये गेला, तिथली पाश्चात्त्य शिस्तीची चित्रकला मानवली नाही, तेही सोडलं. मग बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ टागोर आणि शांतिनिकेतनातले नंदलाल बोस हे त्याचे खरे गुरू.

तिथं तो काय शिकला हे समजून घ्यायला हवं, कारण त्याची सगळी प्रार्थना त्या तंत्रातच आहे. बंगालच्या चित्रकारांनी जलरंगाची 'वॉश' पद्धत विकसित केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून त्यातलं बरंच काही अवनींद्रनाथांनी उचललं होतं. कागदावर रंग द्यायचा, वाळू द्यायचा, मग पाण्यात भिजवून जादाचा रंग धुऊन काढायचा. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं अनेकदा. शेवटी रंग कागदावर बसलेला दिसत नाही, कागदातून उमललेला दिसतो. तेलरंगात जसा एका बाजूने उजेड पाडता येतो आणि दुसरी बाजू काळोखात ठेवता येते, तसं नाटक इथं जमत नाही. सगळीकडे सारखा, मंद प्रकाश. युरोपातल्या चर्चमधली बरीच चित्रं त्या नाटकावर उभी आहेत. फोन्सेकाने ते नाटकच काढून टाकलं.

गोव्यात परतल्यावर त्याने मारिया रंगवली. साडीतली, सावळी, अनवाणी, भुईवर बसलेली. आणि गोव्यातली प्रतिष्ठित मंडळी खवळली. देवाच्या आईला 'नेटिव्ह' बाई केलं! हिंदू केलं! पोर्तुगीज अंमलातला गोवा होता तो. साडी हा तिथं नुसता कपडा नव्हता. कोण पूर्ण ख्रिस्ती आणि कोण अर्धा, कोण साहेबाच्या जवळ आणि कोण लांब, हे ठरवणारी ती रेघ होती.

इथं एक तुलना करून बघा. राजा रविवर्म्याने लक्ष्मीला, सरस्वतीला, दमयंतीला साड्या नेसवल्या. त्याच्या छापखान्यातली चित्रं, आधी गिरगावात आणि मग मळवलीला छापलेली, घरोघरच्या देवघरात जाऊन बसली. देवी आपल्या शेजारणीसारखी दिसते म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. उलट लोकांनी हार घातले. मग मारियेच्या साडीनेच आकाश का कोसळलं? माझं उत्तर असं: लक्ष्मीच्या साडीने कुणाची जागा हलत नव्हती. मारियेच्या साडीने हलत होती. शेतात राबणारी कोकणी बाई अचानक वेदीच्या जवळ येऊन बसत होती, आणि युरोपी पेहरावात पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना ते बघावं लागत होतं. चित्राने कैवार घेतला तो असा. एकही घोषणा न लिहिता.

बरं, गोव्यात हे सगळं प्रथमच होत होतं असंही नाही. गोव्याचे हस्तिदंती बाळयेशू, चर्चमधलं लाकडी कोरीव काम, यातलं कितीतरी हिंदू कारागिरांच्या हातचं आहे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेला अशा कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घेऊ नयेत असा ठराव करावा लागला. ठराव करावा लागतो तेव्हा समजायचं की काम जोरात चालू आहे. म्हणजे देशी हात चालत होता. देशी चेहरा चालत नव्हता.

फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आला. कुठं, तर ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात. पुढे त्याचंच नाव ख्रिस्त प्रेम सेवा संघ झालं. आणि इथं गोष्ट आपल्या मराठी अंगणात येते.

हा संघ १९२२ साली जॅक विन्स्लो नावाच्या अँग्लिकन पाद्र्याने अहमदनगरला सुरू केला, नंतर तो पुण्याला आला. खादी, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण आणि प्रार्थना, भारतीय आणि इंग्रज एकाच पंक्तीत. विन्स्लोला हे कुठून सुचलं? त्याच्यावर फार मोठा प्रभाव होता आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १९२३ साली त्याने टिळकांचं चरित्र लिहिलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे म्हणत राहिले की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळं त्यांनी सोबत नेलं. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांनी कानासाठी जे केलं, तेच फोन्सेका त्यांच्या पश्चात डोळ्यांसाठी करत होता. दोघांची भेट होणं शक्य नव्हतं, टिळक १९१९ सालीच गेले. पण मधला दुवा म्हणजे हा आश्रम.

कॅथलिक चित्रकार आणि अँग्लिकन आश्रम. त्या काळी ही दोन घरं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नव्हती म्हटलं तरी चालेल. फोन्सेका शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला आणि १९६७ साली जाईपर्यंत या आश्रमाशी बांधलेला राहिला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनी त्याच्यासारख्यांची पाठराखण केली. आंजेला त्रिंदादही याच वाटेवरची. जे. जे.मधले नावाजलेले चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची मुलगी, तिनेही साडीतली मारिया रंगवली. आणि आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी, मराठी ख्रिस्ती माणूस, नंदलालांचे शिष्य, शांतिनिकेतनातच शिकवत राहिले. त्यांच्यावर कुणीतरी वेगळं बोललं पाहिजे. मराठी कलेच्या इतिहासात त्यांना दोन ओळीही धड मिळत नाहीत.

चर्चने अधिकृतपणे देशी कलेला मोकळं दार दिलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज १९६३चा. तोवर फोन्सेकाचं बहुतेक काम होऊन गेलं होतं.

आता दुसऱ्या बाजूलाही बघू. पण आधी तुम्हाला विचारतो, ख्रिस्ती मित्राच्या घरी गेलात तर भिंतीवर कोणता येशू दिसतो? तपकिरी-सोनेरी केस, गोरा, नजर जरा वर. ते चित्र बहुधा शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या जाहिरात-चित्रकाराचं, १९४० सालचं, नाहीतर त्याच्याच गोतावळ्यातलं. त्याच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या असं सांगतात. फोन्सेका तिकडे संग्रहालयात, आणि सॉलमन इकडे टीव्हीच्या वर. हे अपयश कुणाचं? लोकांना कळत नाही म्हणून हात झटकणं मला पटत नाही. ज्यांच्यासाठी वाढलं त्यांनी पान सरकवलं, तर एकदा भांड्यात काय होतं तेही बघायला नको का?

काय होतं त्यात? मी पाहिलेल्या फोन्सेकाच्या चित्रांत समई आहे, कमळ आहे, संन्याशाची छाटी आहे, अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखे झुकलेले डोळे आहेत, आणि सगळ्यावर एक शांतता. फार सुंदर. पण हा भारत कोणाचा? शांतिनिकेतनाचा, आश्रमाचा, उपनिषदांचा. आता अहमदनगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या डोळ्यांसमोर आणा. टिळक ब्राह्मण, पंडिता रमाबाई ब्राह्मण, त्यांची नावं आपल्याला पाठ असतात. मंडळीत बसलेली बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजातून आलेली होती. ज्या समईच्या उजेडापर्यंत त्यांना कधी येऊ दिलं नव्हतं, तीच समई 'ही तुझी संस्कृती' म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यापेक्षा गोरा येशू त्यांना बरा वाटला असेल तर त्यात नवल काय? तो निदान गावच्या पाटलासारखा तरी दिसत नव्हता!

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अरविंद निर्मळ नावाचे मराठी धर्मचिंतक होते, मूळचे जालन्याकडचे, दलित कुटुंबातले. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी भाषण केलं, आणि ज्याला पुढे दलित धर्मचिंतन म्हणू लागले त्याची ती सुरुवात मानतात. त्यांचा मुद्दा असा होता की भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी 'भारतीय' म्हणून जे घेतलं ते ब्राह्मणी परंपरेतलं घेतलं. चर्चमधल्या बहुसंख्यांचा अनुभव त्यात आलाच नाही. हा आरोप चित्रांनाही लागू पडतो. फोन्सेकाला तर नक्कीच.

तरी मी फोन्सेकाला बाजूला सारायला तयार नाही. गोव्यात त्याने जे केलं ते त्या जागी, त्या घडीला, खरा कैवार होता. त्याची किंमत त्याने गाव सोडून मोजली. तीच साडी पुण्यात आली की तिचा अर्थ थोडा सौम्य होतो. अहमदनगरच्या महारवाड्यात गेली की आणखी बदलतो. चित्र तेच. म्हणजे कैवार चित्राच्या आत पुडी बांधून ठेवलेला नसतो. कोण कुठं उभा राहून बघतोय त्यावरही तो ठरतो. कॉलिंगवूडची कसोटी अपुरी पडते म्हटलं ते इथं. तो चित्रकाराला विचारतो, बघणाऱ्याला विचारत नाही.

मध्येच एक तिखट नाव घेतो. फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावचा, १९२४चा जन्म, १९४५ साली जे. जे.मधून काढून टाकलेला. श्रद्धेशी याचं हाडवैर. पण त्याचं १९५९चं 'क्रूसिफिक्शन', लंडनच्या टेट संग्रहातलं, एकदा बघाच. काळा, काट्यांनी भरलेला, दात दिसणारा ख्रिस्त. त्यात सेवा नाही, वाढणं नाही, उलट पंगतीवर भांडं आपटल्याचा आवाज आहे. पण वधस्तंभावर माणूस मेला होता, त्याला खिळे ठोकले होते, हे फोन्सेकापेक्षा सूझा जास्त जाणतो. सेवा म्हणून काढलेल्या चित्रांचा हा नेहमीचा धोका आहे, ती दुःखाला फार लवकर शांत करतात.

मग दुःखाला शांत न करता, आणि तरीही रागाने न फेकून देता, चित्र काढता येतं का? मला एक सापडतं. ज्योती साही. जन्म पुण्याचाच, १९४४चा. वडील हिंदू, आई इंग्रज ख्रिस्ती. आयुष्य बंगलोरजवळच्या सिल्वेपुरा गावात गेलं. त्यांचं 'दलित मॅडोना' नावाचं चित्र आज ब्रिटनमधल्या मेथडिस्ट चर्चच्या कलासंग्रहात आहे. त्यात आई आणि बाळ कशावरून घडलेत? घरातल्या वाटायच्या दगडावरून. मोठा दगड, मध्ये खळगा, त्यात बसणारा लहान दगड. मोठ्याला आई म्हणतात, लहानाला बाळ.

बायका हसल्या इथं. बरोबर हसल्या. आपल्याकडे बारशाला काय करतात? वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात, आणि मग बाळाला ठेवतात. चित्रकाराच्या डोळ्यांपुढे दक्षिणेतला वाटणाचा दगड होता, आपला पाटा-वरवंटा जरा वेगळा. पण हे कोणत्याही मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. इथं अजिंठा नाही, कमळ नाही. रोज झिजणारी वस्तू आहे. आणि वाटणाऱ्या हाताची जात कोणती, वाटलेलं कोण खातं, घरात कोणाला येऊ देतात, हे सगळं त्या दगडात आपोआप येतं. फोन्सेकाने मारियेला साडी दिली. साहींनी साडीबद्दल फार विचार केलाच नाही, त्यांनी काम दिलं. माझ्या मते ही पायरी मोठी आहे.

आंध्रातले ल्युथरन पाद्री पी. सॉलोमन राज यांचंही नाव घेतो. लाकडी ठशांची चित्रं आणि बाटिक. ठसा एकदा कोरला की स्वस्तात कितीही प्रती निघतात, खेड्यातल्या प्रार्थनाघराला परवडतात. निवडलेलं माध्यमच कुणाच्या बाजूचं आहे ते सांगून टाकतं. वॉशचं चित्र एकच असतं, छापलं की त्याचा जीव जातो. सॉलमनच्या पन्नास कोटींपुढे फोन्सेका हरला त्यात हाही भाग आहेच.

आता ती वाट. याच पुण्याच्या संघात १९२७ साली एक तरुण इंग्रज पाद्री आला, व्हेरियर एल्विन. आणि संघातलाच एक मराठी तरुण, शामराव हिवाळे. १९३२ साली हे दोघं पुणं सोडून मंडला जिल्ह्यात करंजियाला गेले, गोंडांमध्ये राहायला. तेव्हा आपला हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा, मंडला दोन्ही एकाच मध्य प्रांतात. गोंडांच्या दृष्टीने तर ती हद्द कागदावरचीच.

त्यांच्याकडून चर्चची अपेक्षा उघड होती, धर्मप्रचार. एल्विननी नकार दिला. काँग्रेसशी असलेली जवळीकही वरच्यांना खटकत होती. नागपूरच्या बिशपांशी बिनसलं ते बिनसलंच, आणि १९३५ साली एल्विननी चर्च सोडलं. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा चालू राहिली. पुढे मुक्काम पाटणगढला. १९५१ साली मध्य भारतातल्या आदिवासी कलेवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. त्याआधी १९४६ साली शामरावांनी वरच्या नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं होतं. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना वाजवून बडादेवाची, गोंड राजांची गाथा गाणारे. एल्विनचं नाव जगभर झालं, शामरावांचं पुण्यातही नाही. गावातल्या माणसांत मिसळणं, त्यांची भांडणं सोडवणं, हे जास्त करून शामरावांनी केलं. जाऊ द्या.

आणि कैवाराची दुसरी बाजूही इथंच दिसते. एल्विननी १९४० साली आपल्याच शाळेत शिकलेल्या कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं आणि १९४९ साली घटस्फोट घेतला. पुढे ते ईशान्येत मोठ्या पदावर गेले, ती मागे राहिली, हलाखीत राहिली. गोंडांच्या बाजूने इतकं लिहिणाऱ्या माणसाचं हे. एखाद्या समाजाचा कैवार घेणं सोपं जातं, त्या समाजातल्या एका माणसाचं देणं चुकवणं अवघड जातं. एल्विनवर बोलताना हे वगळणारे लोक मला आवडत नाहीत.

पाटणगढ हे नाव तुमच्यातल्या तरुण चित्रकारांनी नक्की ऐकलेलं असेल. जनगढ सिंह श्याम तिथला, परधान. १९८१ साली भोपाळच्या भारत भवनसाठी जे. स्वामीनाथन यांनी पाठवलेल्या मुलांनी त्याचं भिंतीवरचं काम पाहिलं आणि त्याला भोपाळला आणलं. १९८९ साली त्याची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात होती. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने जीव दिला. चाळिशीचाही नव्हता. आज ज्याला सगळे 'गोंड चित्रकला' म्हणतात ती त्याच्या हातातून आली. बान्यावर जे गायलं जायचं ते त्याने कागदावर आणलं, देव, झाडं, हरणं, सगळं ठिपक्यांच्या आणि रेघांच्या लयीत.

मी कार्यकारणाचा दावा करत नाही. हिवाळे पाटणगढला गेले म्हणून जनगढ झाला, असं म्हणणं तर्कदृष्ट्या चूक आणि जनगढवर अन्याय. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतो. एकाच आश्रमातून दोन कामं निघाली. एकाने ख्रिस्ताला भारतीय चेहरा दिला. दुसऱ्याने चेहरा वगैरे काही दिला नाही, जाऊन बसला, ऐकलं, लिहून ठेवलं. पहिल्यातून चित्रं झाली. दुसऱ्यातून एकही ख्रिस्ती चित्र झालं नाही. पण त्या गावातली माणसं पुढे स्वतःचे देव स्वतःच्या हाताने रंगवू लागली. सेवेच्या हिशेबात कोणतं काम कुठं मांडायचं? चर्चला हा प्रश्न अडचणीचा आहे, आणि आपल्यासारख्यांनाही. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याने कधी गप्प व्हायचं, हे कोणत्याच धर्मशास्त्रात स्पष्ट लिहिलेलं नाही. माझा स्वतःचा कौल साहींच्या दगडाला आणि शामरावांच्या ऐकण्याला आहे. फोन्सेकाला मी त्यांच्या आधीचा मानतो, खालचा नाही.

प्रश्न आलेत काही. पहिली चिठ्ठी: "सर, हे सगळं धर्मांतराचं आमिषच नाही का? साडी नेसवली की बायांना जवळचं वाटणार."

चिठ्ठीवर नाव नाही, पण प्रश्न चांगला आहे. असं बघा, आमिष म्हणजे आत गळ लपवलेला घास. फोन्सेकाच्या साडीचा गळ कुणाला लागला? गोव्यातले त्याचे बघणारे आधीच ख्रिस्ती होते, आणि चिडले तेही तेच. हिंदूंना ओढायचं म्हणून काढलेलं चित्र घरच्यांनाच टोचावं, हे आमिषाचं लक्षण नाही. पण प्रत्येक चित्राबद्दल मी अशी हमी देणार नाही. खेड्यात आजारपणाच्या भीतीवर बेतलेली, नरकाच्या ज्वाळांची रंगीत पत्रकंही वाटली गेली आहेत, आणि ती मला चित्रं म्हणून वाईट आणि धर्म म्हणूनही वाईट वाटतात. बघणाऱ्याला घाबरवून हलवायचं ठरवलं की बाकी काही बघायला जागाच उरत नाही. हे आपल्याकडच्या यमपुरीच्या चित्रांनाही लागू आहे बरं का, नुसतं त्यांनाच बोल लावू नका.

दुसरी चिठ्ठी: "दंडारीत किंवा झाडीपट्टीच्या नाटकाच्या पडद्यावर असं काही करता येईल का?"

पडदे रंगवणारे इथं बसले असतील तर त्यांनाच विचारा. मी तत्त्वज्ञान शिकवलं, पडदा रंगवला नाही. एवढंच सांगतो, दंडारीत कोणता विषय आणायचा हे पुण्याच्या माणसाने ठरवू नये.

तिसरी: "फोन्सेकाची चित्रं बघायची कुठं?"

गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे, मोठा संग्रह तिथं. आधी विचारून जा. पुण्यात शिवाजीनगरचा आश्रमही बघा. १९७२ नंतर तिथं अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. त्यांतल्या सिस्टर सारा ग्रँट या आमच्या विषयातल्या, शंकराचार्यांच्या 'संबंध' या संकल्पनेवर त्यांचं संशोधन आहे. त्यांचं पुस्तक मिळालं तर वाचा, अवघड आहे पण आडवळणाचं नाही. आणि पर्वरीला गेलात तर घाई करू नका. वॉशची चित्रं पहिल्या पाच मिनिटांत फिकी वाटतात. समोर बसा, डोळे सरावू द्या, मग हळूहळू रंग वर येतो.

चहा झालाय म्हणून खुणावताहेत. थांबू या.